दर दोन तासांनी कूस

7 डिसेंबरचा ध्वजदिन जवळ आला की सैनिक कल्याण कार्यालयावर लेख हवाच, असा आमच्या संपादकांचा शिरस्ता. परभणीच्या कार्यालयाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे: अडलेली पेन्शन, शिष्यवृत्त्या, वीरपत्नींचे अर्ज. मी मात्र अडकलो लष्करी नर्सपाशी.

इतिहास थोडक्यात. 28 मार्च 1888 रोजी दहा परिचारिका इंग्लंडहून मुंबईत उतरल्या, तिथून सुरुवात. 1926 साली कायम सेवा उभी राहिली. ऐन महायुद्धात, 1943 च्या अध्यादेशानं, त्या कमिशन मिळालेल्या अधिकारी झाल्या.

त्यांचं काम समजून घ्यायचं तर पुण्याजवळ खडकीला 1974 पासून असलेलं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आठवावं. मणक्याला इजा झालेला जवान. कंबरेखाली संवेदना नाही, त्यामुळे चादरीची सुरकुती टोचली तरी त्याला पत्ता नसतो. टाच, खुबा, माकडहाड इथली कातडी आधी लाल होते, मग काळवंडते. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते. उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलायची. तीही ओढून नव्हे. मान, खांदे, कंबर एका रेषेत धरून, दोघा-तिघांनी मिळून. रात्री दोनला बदलली की पुन्हा चारला. शौर्यपदकांच्या यादीत हे काम कुठं बसवणार?

आणि नोकरीनंतर? सिकंदराबादच्या लष्करी रुग्णालयातल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये सेवेतून काढलं, कारण त्यांनी लग्न केलं. तसा नियमच होता. तो 1995 मध्ये गेला. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना 60 लाख भरपाई दिली ती फेब्रुवारी 2024 मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी.

दुसरा वाद माजी सैनिक म्हणून गणलं जाण्याचा. नर्सिंग सेवा ही सहायक सेवा, नियमित सेना नव्हे, अशी आडकाठी घातली जाई. पंजाबातल्या एका नर्स अधिकाऱ्याचं राखीव जागेवरचं नाव यावरूनच अडलं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला, आधार तोच 1943 चा अध्यादेश: ही सेवा सशस्त्र दलांचाच भाग. मात्र तो निकाल पंजाबच्या भरती नियमांवरचा. राज्याराज्यांचे नियम वेगळे. महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के जागा आहेत. ज्यांनी जवानांची कूस बदलली, त्यांनी प्रत्येक राज्यात नव्यानं वकील का गाठावा?

परभणीच्या मुली आता नीटच्या गुणांवर लष्करी नर्सिंगचा अर्ज भरतात. फॉर्ममध्ये बंधपत्राची अट ठळक असते. सेवा संपल्यावर आपण कोण, हेही त्यांनी त्याच वेळी विचारावं.