दोडामार्गाहून समुद्राकडे : सिंधुदुर्गातील जुन्या पेठांची उन्हाळी सफर

उन्हाळी सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. तारकर्लीची वाळू, सिंधुदुर्ग किल्ला, होडीतून एखादी फेरी आणि परतताना गाडीत आंब्याच्या पेट्या. त्यात गैर काहीच नाही. परंतु या किनाऱ्याची आणखी एक ओळख आहे आणि ती व्यापारी घरांतील मुलांना होणे अगत्याचे आहे. येथील बहुतेक गावे एके काळी भरभराटीच्या पेठा होती. कोणी बंदराच्या आधाराने वाढले, कोणी घाटवाटेच्या, आणि मालाची वाट बदलली तशी त्यांतील कित्येकांची उलाढाल ओसरली. दुकानाच्या गादीवर उद्या बसणाऱ्या मुलाला हे चार-पाच दिवसांत डोळ्यांनी पाहता येते.

समुद्र नसलेला तालुका

या सफरीचा आरंभ दोडामार्गपासून करावा. १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा समुद्रासाठी प्रसिद्ध आहे. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणूनही जाहीर झाला. दोडामार्ग तालुक्याला मात्र समुद्रकिनारा नाही. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत आणि मधोमध तिलारीचे खोरे, अशी त्याची ठेवण आहे. काजू, नारळ, सुपारी आणि केळी ही येथील बागायती. तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून हीच नदी पुढे गोव्यात शापोरा नावाने समुद्राला मिळते.

बेळगाव, चंदगड भागातील वाचकांना तिलारी घाटाने थेट येथे उतरता येते. उतरण तीव्र आहे. घाटाची सवय असलेला चालक असावा आणि प्रवास दिवसाउजेडी करावा. पायथ्याशी पोहोचताच हवा बदलते, जांभ्या दगडाच्या भिंती दिसू लागतात आणि बाजारात मराठी, मालवणी व कोकणी एकाच दुकानात ऐकू येतात. सीमेवरच्या पेठेचा हा स्वभावच असतो. गिऱ्हाईक कोणत्या राज्याचे, हे येथे कोणी विचारत नाही.

बांदे आणि सावंतवाडी

दोडामार्गाहून निघालेला रस्ता बांद्याला महामार्गाला मिळतो. तेरेखोल नदीच्या काठचे बांदे हे आदिलशाही काळातील व्यापारी ठाणे. समुद्रापासून आत असूनही नदीच्या पाण्याने त्याला बंदराचा मान दिला होता.

पुढे सावंतवाडी. १८७४ साली बांधलेला मोती तलाव, त्याच्या काठचा राजवाडा आणि चितारआळी ही तीन ठिकाणे एका सकाळीत पाहून होतात. चितारआळीत लाकडी फळे, भाज्या, बाहुल्या आणि पाट मांडलेले असतात. राजवाड्यात गंजिफा रंगविणारे कारागीर दिसतात. दशावतारी गंजिफेचा संच १२० गोल पानांचा असतो आणि प्रत्येक पान हाताने रंगविले जाते. ही कला विसाव्या शतकात जवळजवळ लोपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. उत्तम माल असूनही गिऱ्हाईक नसेल तर कसब मरते आणि जाणकार आश्रयदाता मिळाला तर ते पुन्हा जगते, हे मुलांना येथे समजावून सांगता येईल. खरेदी करायची तर थेट कारागिराकडून करावी आणि हातच्या कामाची घासाघीस करू नये.

शिरोड्याचे मीठ, वेंगुर्ल्याची वखार

सावंतवाडीहून पश्चिमेला उतरले की रेडी आणि शिरोडा लागते. रेडीला यशवंतगड आहे; दक्षिणेला तेरेखोल नदीच्या मुखाशी, नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडणारा तेरेखोलचा किल्ला आहे. शिरोड्याची कीर्ती दोन कारणांनी. मिठाच्या सत्याग्रहात १९३० च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर सत्याग्रही उतरले. आणि वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत येथील शाळेत शिक्षक होते. पुढे ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळालेला हा लेखक या आडगावच्या शाळेत अठरा वर्षे फळा-खडू घेऊन उभा राहिला. सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे जाताना मोठ्यांनी मुलांना हे सांगावे.

वेंगुर्ले हा या सफरीचा मध्य. सतराव्या शतकात, १६३७ च्या सुमारास, डचांनी येथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना रसद येथून मिळे. वखारीची पडकी वास्तू अजून उभी आहे. १८१२ साली बंदर इंग्रजांकडे गेले. पुढे आंबोलीच्या घाटातून गाडीरस्ता झाला आणि बेळगाव प्रांताचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याला उतरू लागला. गावात सुबत्ता आली.

ती टिकली नाही. १८८० च्या दशकात देशावरील लोहमार्ग मुरगाव बंदराला जोडला गेला आणि घाटमाथ्यावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांच्या नेकीत वा कष्टात काही उणे नव्हते. वाट तेवढी फिरली. मुंबईहून येणाऱ्या आगबोटींनी वेंगुर्ले, मालवण, देवगड आणि विजयदुर्ग यांना आणखी काही दशके आधार दिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीही सेवा बंद झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती किनाऱ्यापासून आतून गेली. तिचा लाभ कुडाळ, कणकवली यांसारख्या आतल्या पेठांना अधिक झाला.

तरीही वेंगुर्ले संपले नाही. येथील फळ संशोधन केंद्राने ‘रत्ना’ आणि बारीक कोयीचा ‘सिंधु’ हे आंबे दिले. ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ या काजूच्या जाती येथूनच कोकणभर पसरल्या. बंदराचे नाव जहाजांवरून उतरले आणि कलमांवर चढले. दोडामार्गच्या बागायतदारापर्यंत हे नाव आज पोहोचते ते रोपवाटिकेतून.

गावालगतच्या मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट पर्यटकांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. इंजिनाचा आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. जीवदयेचा संस्कार असलेल्या कुटुंबाला रुचेल अशी याहून चांगली जलसफर या किनाऱ्यावर क्वचितच असेल. समोर समुद्रात दिसणाऱ्या वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांची लाळेची घरटी परदेशात खाद्य म्हणून विकली जात असल्याने येथे पूर्वी मोठी चोरटी लूट झाली. पक्षिप्रेमी आणि वनखात्याच्या पहाऱ्यामुळे तिला आळा बसला.

मालवण : आधी किल्ला, मग किनारा

मालवणला पोहोचल्यावर सिंधुदुर्ग किल्ला सकाळच्या पहिल्या होडीने पाहावा. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याचा मुहूर्त केला. सुमारे ४८ एकरांचे बेट, तीन किलोमीटरच्या आसपास नागमोडी तट आणि चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी उभारलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर येथेच आहे आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसेही येथेच दाखवले जातात. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांचा जागतिक वारशात समावेश केला. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग त्यांत आहेत.

किल्ला पाहताना मुलांना एक प्रश्न विचारावा: भर समुद्रात एवढा खर्च कशासाठी? सिद्दी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांच्या हाती सागरी व्यापाराच्या नाड्या होत्या. आपल्या बंदरांत येणाऱ्या गलबतांना संरक्षण नसेल तर जकात नाही आणि जकात नसेल तर राज्य नाही, हा हिशेब महाराजांनी ओळखला होता.

खारेपाटण : ताम्रपटातले श्रेष्ठी

परतीची वाट कणकवलीवरून उत्तरेला धरावी. महामार्गावरचे खारेपाटण प्रवासी सहसा ओलांडून जातात. या मासिकाच्या वाचकांनी मात्र तेथे थांबावे. विजयदुर्ग खाडीच्या वरच्या अंगाचे हे गाव शिलाहारकालीन ताम्रपटांमुळे इतिहासकारांना परिचित आहे. इ. स. १००८ च्या रट्टराजाच्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण, असे जकातीचे उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. येथेच सापडलेला अनंतदेव राजाचा शके १०१६ चा ताम्रपट व्यापाऱ्यांना अधिकच जवळचा वाटेल. भाभण श्रेष्ठी आणि त्याचा बंधू धणाम श्रेष्ठी यांच्या मालाला ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केल्याचे त्यात नमूद आहे. आजचा ‘शेठ’ हा शब्द ज्या ‘श्रेष्ठी’वरून आला, तो नऊशे वर्षांपूर्वी या खाडीकाठी तांब्यावर कोरला गेला.

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने दक्षिण कोकणातील एकमेव जैन मंदिर म्हणून खारेपाटणच्या मंदिराची नोंद केली. खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि पेठ लहान झाली. मंदिराची ती नोंद मात्र या काठी आलेल्या जैन व्यापाऱ्यांची साक्ष देते.

आहार, वेळ आणि वागणूक

मत्स्याहारी मुलखात नियम कसे पाळावेत, ही अनेक गृहिणींची चिंता असते. प्रत्यक्षात कोकणी स्वयंपाक शाकाहाराला पारखा नाही. घावणे, आंबोळी, शिरवाळ्या आणि नारळाचा गोड रस, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, आंबापोळी हे सर्व तेथील घरोघरीचे पदार्थ. अडचण असते ती वाटपातील कांद्याची, सोलकढीतील लसणाची आणि मालवणी खाज्यातील आल्याची. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगितल्यास कांदा-लसूण व कंदमूळ टाळून आणि वेगळ्या भांड्यांत जेवण होऊ शकते. तशी खात्री आरक्षणापूर्वीच बोलून घ्यावी. उकळलेल्या पाण्याची सोय आपली आपण ठेवणे उत्तम.

मे महिन्यात येथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सहा वाजता भोजन उरकावे आणि मग निवांतपणे किनाऱ्यावर जावे. सूर्यास्त पाहून परतताना जेवणाची धावपळ राहत नाही.

प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २५ मे नंतर थांबतात आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू होतात. १ जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद असते. म्हणून किल्ल्यासह सफर करायची तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती पूर्ण व्हावी. शंख, प्रवाळ अथवा शिंपल्यांच्या वस्तू विकत घेऊ नयेत; प्रवाळाला तर कायद्याचेच संरक्षण आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना निघण्यापूर्वी सांगावी. मासळीबाजारावरून जाताना नाकाला रुमाल लावून शेरे मारू नयेत. आपला नियम आपल्यासाठी असतो. ज्यांच्या गावी आपण पाहुणे आहोत त्यांची उपजीविका समुद्रावर चालते आणि त्यांच्याच घरातली माऊली आपल्यासाठी वेगळी चूल मांडते. अनेकान्ताचा पाठ पुस्तकात वाचण्यापेक्षा येथे आचरणात आणणे अधिक मोलाचे.

वाट आता कोणीकडे?

वेंगुर्ल्याहून माल वळला, खारेपाटणची खाडी भरली. आता नवी वाट दोडामार्गाच्या अंगाने येत आहे. जवळच गोव्यातील मोपा येथे नवा विमानतळ झाला असून ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. सीमेवरच्या जमिनींना मागणी वाढली आहे. याच खोऱ्यात कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती वावरतात. २०२० साली तिलारी हे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला.

येथे जमीन घेण्याचा, काजूप्रक्रियेत भांडवल गुंतवण्याचा किंवा निवासस्थान काढण्याचा विचार आपल्या समाजातील काही कुटुंबांच्या मनात येऊ शकेल. तो करावा, परंतु सातबारा, वनविभागाची नोंद आणि गावाचे मत या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. डोंगर उघडा करून उभारलेला धंदा पहिल्या पाचसहा पावसाळ्यांत नफा दाखवील. पुढे झरे आटले की बागायत जाईल आणि बागायतीमागोमाग पेठही. वेंगुर्ल्याची वाट परक्यांच्या निर्णयाने फिरली होती. दोडामार्गचे काय होणार, ते मात्र तेथे पैसा गुंतवणाऱ्यांच्या हाती बरेचसे आहे.