उन्हाच्या जिल्ह्यांत गार घर
स्लॅबच्या छपराखाली तापणाऱ्या पूर्व विदर्भाला बांबू, माती आणि कवेलूचा पर्याय

प्रतिनिधी, चंद्रपूर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपुरात भर दुपारी काही क्षण माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. हे शहर जवळपास वीस अंश उत्तर अक्षांशावर वसले असल्याने त्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खगोलप्रेमींना हा ‘शून्य सावली दिवस’ म्हणून ठाऊक आहे. घर बांधू इच्छिणाऱ्याने मात्र त्यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. या भागात उन्हाळ्यात घर तापते ते मुख्यतः छपरातून. असे असूनही गेल्या दोन-तीन दशकांत आपण सर्वाधिक हेळसांड केली ती छपराचीच.

पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे हे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली परिसरात नवलाचे राहिलेले नाही. अशा हवेत सहा इंची काँक्रिटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरातल्या माणसांवर ओतत राहतो. रात्री अकरा वाजताही छताला हात लावला तर तो कोमट लागतो. पंखा लावावा तर तो तीच गरम हवा खाली ढकलतो. मग कुलर, त्यानंतर वातानुकूलन यंत्र आणि महिनाअखेरीस विजेचे बिल, असा हा क्रम ठरून गेला आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र राज्याला वीज पुरवते. त्याच्याच परिसरातील घरे मात्र ती वीज आपल्या बांधणीतील चुका निस्तरण्यासाठी जाळतात, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

जुन्या घराचे शास्त्र

झाडीपट्टीतील जुने घर आठवून पाहावे. मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, किंवा बांबूच्या विणीवर दोन्ही बाजूंनी माती लिंपलेला कुड. वर सागाची मयाल, तिच्यावर लाकडी फाटे, बांबू आणि कुंभाराने घडवलेले कवेलू. खोलीवर बांबू व मातीचा जाड माळा. समोर सपरी, मागे परस. हे घर गरिबीचे लक्षण मानले गेले. प्रत्यक्षात त्याची रचना हवामानाच्या जाणत्या अनुभवातून घडलेली होती.

जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचायला दहा-बारा तास लागतात. दुपारचे ऊन आत येईपर्यंत मध्यरात्र होते आणि तोवर दारे-खिडक्या उघडून बाहेरची थंड हवा घरात घेतलेली असते. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मातीचा माळा छपराची धग खोलीपर्यंत पोहोचू देत नाही. सपरी भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही आणि पावसाळ्यात तीच भिंतीचे झडीपासून रक्षण करते. एका छपराने दोन ऋतूंची कामे साधली आहेत.

ही घरे नाहीशी का झाली, याची कारणेही खरी आहेत. माकडे कवेलू फोडतात. दरवर्षी पावसाआधी छपर फेरावे लागते आणि ते फेरणारी माणसे मिळत नाहीत. वाळवी लाकूड पोखरते. कुंभारांच्या पुढच्या पिढीने चाक सोडले. जंगलातून घरासाठी लाकूड आणणे कठीण होत गेले. म्हणून जुने घर जसेच्या तसे परत आणण्याचा आग्रह व्यर्थ आहे. त्यामागचे शास्त्र घेऊन नवे घर कसे बांधता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

हिशेब छपराचा

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी असलेल्या या संहितेत छतातून होणाऱ्या उष्णतावहनाला मर्यादा घालून दिली आहे. छताच्या एका चौरस मीटरमधून, तापमानातील फरकाच्या प्रत्येक अंशामागे, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, असा तो नियम आहे. उघड्या काँक्रिट स्लॅबचा हाच आकडा तीनहून अधिक, साडेतीनच्या आसपास असतो.

ढोबळ हिशेब करू. घराचे छत ५० चौरस मीटर आहे. उन्हाचा परिणाम धरून बाहेरचे तापमान ६० अंश आणि आतले ३५ अंश आहे, असे समजू. उघड्या स्लॅबमधून चार हजार वॅटहून अधिक उष्णता आत येईल. हजार वॅटच्या चार विजेच्या शेगड्या छताला टांगून ठेवाव्यात, तसे हे झाले. संहितेची मर्यादा पाळणाऱ्या छतातून याच परिस्थितीत दीड हजार वॅट येतील. कुलर घेण्याआधी अडीच शेगड्या विझवता येतात, त्या छताच्या बांधणीत.

यासाठी उपाय अनेक आहेत. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. स्लॅबवर दर उन्हाळ्याच्या तोंडी पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन मोठ्या प्रमाणावर परतवले जाते. फुटक्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे आच्छादन हेच काम अधिक टिकाऊपणे करते. स्लॅबवर पाच सेंटिमीटर जाडीचा उष्णतारोधक फेसाचा थर दिल्यास संहितेची मर्यादा सहज गाठता येते. स्लॅब उतरता घेऊन त्यावर कवेलू गिलाव्यात पक्के बसवले, तर माकडांना ते उचलता येत नाहीत. कवेलूच्या पोकळीत अडकलेली हवा उष्णता अडवते आणि घराला गावाचे रूपही राहते. खालून बांबूच्या तट्ट्यांचे छत दिले, तर आणखी एक हवेचा पडदा तयार होतो.

भिंती आणि दिशा

सूर्य उन्हाळ्यात माथ्यावर असल्याने दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत फारसे ऊन लागत नाही. झळ बसते ती सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला. म्हणून घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून असावी, खिडक्या त्याच बाजूंना असाव्यात. पश्चिमेला न्हाणी, जिना, कोठी अशा खोल्या घ्याव्यात आणि अंगणात त्या दिशेला कडुनिंब लावावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्यांतून उबदार ऊन आपसूक आत येते. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. नकाशा काढतानाच विचार लागतो.

भिंतीसाठी विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत केरळात लॉरी बेकर यांनी रूढ केली. ती ‘रॅट ट्रॅप बाँड’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळे भिंत कमी तापते. वीट मातीची असो वा वीज केंद्राच्या राखेची, रचना हीच ठेवता येते. राखेची वीट वापरल्याने शेतजमिनीची सुपीक माती वाचते, हा तिचा खरा फायदा. ती आपोआप घर थंड ठेवते, हा समज मात्र चुकीचा आहे.

येथे हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हेही विसरता कामा नये. मेमध्ये सकाळी नऊनंतर बंद ठेवायचे घर जुलैच्या दमट हवेत सताड उघडे लागते. कोरड्या हवेत उपयोगी पडणारा कुलर पावसाळ्यात केवळ ओल वाढवतो. समोरासमोर खिडक्या आणि भिंतीच्या वरच्या भागात झरोके ठेवल्यास दोन्ही ऋतू निभावतात.

बांबू: गुण आणि पथ्ये

गडचिरोलीच्या जंगलातील बांबू दशकानुदशके प्रामुख्याने कागदासाठी गेला. त्यातून टोपल्या, सुपे, तट्टे विणणारे बुरड कारागीर मात्र मालासाठी खेटे घालत राहिले. नागपूरचे वास्तुरचनाकार विनू काळे यांनी बांबू हे गरिबाचे लाकूड नसून भविष्यातील बांधकाम साहित्य आहे, असा विचार मांडला. त्याच प्रेरणेतून सुनील व निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली.

या भागातील मानवेल जातीचा बांबू जवळपास भरीव असतो आणि वजन पेलण्यास उत्तम. त्याची पथ्ये मात्र पाळावी लागतात. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडावा. कोवळ्या बांबूत पिष्टमय पदार्थ अधिक असतात व त्यालाच भुंगा लागतो. तोडल्यावर तो बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवावा लागतो. हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून बांबू नेहमी वळचणीच्या आत असावा. त्याचे पाय जमिनीत गाडू नयेत, दगडी किंवा काँक्रिटच्या जोत्यावर टेकवावेत. बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक १५९१२ उपलब्ध आहे, अभियंत्याकडे त्याचा आग्रह धरावा.

आगीचा धोका लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चिचपल्लीच्या केंद्राची बांधकाम सुरू असलेली बांबूची इमारत आगीत भस्मसात झाली. ती घटना बांबू नाकारण्यापेक्षा त्याची काळजी शिकवणारी आहे. स्वयंपाकघराच्या भिंती विटेच्या असाव्यात, विजेच्या तारा नळीतूनच न्याव्यात. बांबूवर मातीचा वा चुन्याचा गिलावा द्यावा. कुडाच्या भिंतीत आपले पूर्वज हेच करीत होते.

कारागीर आहेत, काम कुठे आहे?

मार्च २०२३ मध्ये बल्लारपूर येथे काष्ठपूजन होऊन येथील सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी रवाना झाले. त्याची मिरवणूक पाहणाऱ्या कित्येकांच्या स्वतःच्या घराला लोखंडी चौकट आहे. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघाने मातीकामाची परंपरा जोपासली. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, एकमेकांत बसणाऱ्या निमुळत्या नळ्यांच्या कमानींतून छपरे उभी केली. या छपराला लाकूड वा लोखंड लागत नाही. सुताराच्या हातची दाराची चौकट, बुरडाने विणलेली जाळी, कुंभाराचे कवेलू आणि झरोके या गोष्टी घराला शोभा देतात, त्याचबरोबर ऊन अडवून वारा खेळता ठेवतात. शहरातून आणलेल्या तयार खिडकीवर खर्च होणारा पैसा त्यांच्यावर खर्च केला तर तो गावातच राहतो.

माणसालाही अशी वास्तू आपली वाटते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधग्राममध्ये आदिवासींसाठी दवाखाना बांधला, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्याला झोपड्यांच्या पाड्याचे रूप दिले. मोठ्या इमारतीत जायला बिचकणारा रुग्ण तेथे निर्धास्त येतो.

जंगल शेजारी, लाकूड दूर

मूळ पेच मात्र वास्तुशास्त्राच्या पलीकडचा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी जंगलातील लाकडातून आपले घोटुल उभारले. वनखात्याने ते पाडले. गावाने ते पुन्हा बांधले आणि आसपासची गावेही त्याच्या मागे उभी राहिली. पुढे २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावर बांबू लावून तो घरासाठी वापरण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आहे.

तरीही गावोगावी उभी राहत आहेत ती एकाच साच्यातील घरे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी २०१६ पासून मैदानी भागात १ लाख २० हजार, तर गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये साहाय्याचा दर ठरला. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे, अशी अट आहे. ते सिमेंटच्या सपाट स्लॅबचेच असावे, अशी अट नाही. टिकाऊ छपर आणि भक्कम भिंती एवढीच अपेक्षा आहे. ग्रामीण विकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने स्थानिक साहित्यातील घरांचे आराखडेही प्रसिद्ध केले. पण गवंडी ज्याला येते तेच बांधतो आणि तपासणीला येणारा कर्मचारी ज्याला ओळखतो तेच मंजूर करतो. म्हणूनच नव्या घरकुलाशेजारी जुने मातीचे घर उभेच ठेवलेले दिसते. उन्हाळ्याच्या दुपारी कुटुंब त्या जुन्या घरात विसावते आणि नव्या घरात धान्याची पोती राहतात.

घर बांधू पाहणाऱ्याने नकाशा हाती घेण्याआधी आपल्या इंजिनीअरला तीन प्रश्न विचारावेत. छतातून किती उष्णता आत येईल? पश्चिमेच्या भिंतीचे काय करणार? आणि या घरात गावातील सुतार, कुंभार, बुरड यांच्यासाठी कोणते काम ठेवले आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विजेच्या बिलात दिसतील. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या पिढीला हे विचारण्यासाठी कारागीरच उरणार नाहीत.