मनोऱ्याच्या पोटातले मजले

साखर कारखान्याच्या आवारात अरुंद, उंच, शिड्या आणि नळ्यांनी वेढलेले मनोरे दिसले, की तिथे डिस्टिलरी आहे हे ओळखावं. मळी आंबवून तयार झालेल्या द्रवाला तिथले लोक ‘वॉश’ म्हणतात. त्यात अल्कोहोल असतं साधारण आठ-दहा टक्के. तेच मनोऱ्यांमधून वर चढत ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. हा पल्ला गाठून देतात ते कॉलमच्या पोटात एकावर एक बसवलेले ट्रे.

अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १०० अंशांना. म्हणून मिश्रण तापवलं की आधी नुसतं अल्कोहोल उडून जाईल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. पाण्याची वाफही बरोबर येतेच. फक्त वाफेत अल्कोहोलचा वाटा मोठा असतो. दहा टक्क्यांच्या वॉशमधून सुरुवातीला निघालेली वाफ थंड केली, तर निम्म्याच्या आसपास अल्कोहोल हाती लागतं. ते पुन्हा उकळून तशीच वाफ धरली, तर आकडा ऐंशीच्या घरात जातो. पुढे मात्र दर खेपेला पदरात पडणारी भर कमी कमी होत जाते. पहिली मजल एका झेपेत आणि शेवटचे काही टक्के इंचाइंचानं, म्हणूनच कॉलमला इतके मजले लागतात.

प्रत्येक ट्रेवर अशी एक उकळी होते, तीही वेगळी आग न लावता. खालून आलेली वाफ द्रवातून बुडबुडत जाते. तिच्यातलं बरंचसं पाणी द्रवात उतरतं आणि उतरताना जी उष्णता सोडतं, तिच्यावर द्रवातलं अल्कोहोल वाफ होऊन वरच्या मजल्याकडे निघतं. उतारावरच्या भातखाचरांमध्ये पाणी जसं बांधावरून खालच्या खाचरात उतरतं, तसा द्रव ट्रेवरून आडवा वाहत जातो, काही सेंटिमीटर उंचीचा कडेचा बांध ओलांडतो आणि ‘डाउनकमर’मधून खालच्या ट्रेवर पडतो. माथ्यावर थंड केलेल्या स्पिरिटचा काही भाग मुद्दाम परत कॉलममध्ये सोडतात. तो सोडला नाही, तर वरच्या ट्रेवर वाफेला भेटायला द्रवच उरणार नाही.

आयर्लंडमधले माजी अबकारी अधिकारी एनियस कॉफी यांनी १८३० साली पेटंट घेतलेल्या भट्टीत भोकं पाडलेले तांब्याचे पत्रे होते. आजचा चाळणी ट्रे त्याच घराण्यातला. बबल कॅप ट्रेवर प्रत्येक भोकावर नळी आणि तिच्यावर टोपी असते, त्यामुळे वाफ कमी झाली तरी द्रव सहसा गळत नाही. पण तो महाग पडतो आणि त्यात गाळ साचतो. व्हॉल्व्ह ट्रेवरच्या चकत्या वाफेच्या जोरानुसार वर-खाली होतात.

चालवणाऱ्याची खरी परीक्षा वाफेच्या मापात आहे. वाफ कमी पडली, तर द्रव डाउनकमरपर्यंत न जाता भोकांतूनच टपकतो. याला ‘वीपिंग’ म्हणतात. वाफ फार झाली, तर फेस आणि थेंब वरच्या ट्रेवर उडतात, डाउनकमर तुंबतो आणि द्रव मजल्यामागून मजले भरत जातो. हे ‘फ्लडिंग’. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक एकाएकी वाढू लागला, की जाणता ऑपरेटर लगेच स्टीम कमी करतो.

मळीतले कॅल्शियमचे क्षार वॉशच्या कॉलममध्ये पत्र्यावर खपलीसारखी चढतात आणि भोकं बारीक होतात. म्हणून बंदच्या काळात कॉलम थंड करून, आतली हवा तपासून, फिटर मॅनहोलमधून आत उतरतो. बाहेर एक माणूस सतत लक्ष ठेवून उभा असतो. ही खबरदारी कुठल्याही घाईत सोडता कामा नये, कारण आत अल्कोहोलची वाफ उरलेली असू शकते आणि प्राणवायू कमी असू शकतो. आत गुडघ्यांवर बसून तो भोकं साफ करतो, सैल बोल्ट आवळतो आणि पाणसळ लावून ट्रे पाहतो. मीटरभर रुंदीच्या ट्रेला काही मिलिमीटरचा उतार आला, तरी द्रव एका अंगाला जमतो. दुसऱ्या अंगाच्या भोकांतून वाफ द्रवाला नीट न भेटताच वर निघून जाते. मग स्टीम तितकीच जळते आणि स्पिरिटची स्ट्रेंग्थ मात्र घसरते.