शेतकऱ्यांचा 'ऱ्या' तुटला तर हाक कोणाला मारायची?

बऱ्याच जणांचा प्रश्न होता की ओपन सोर्स लायब्ररी वापरताना अडलो तर मदत मागायची कशी? कस्टमर केअर नाही, समोर कोण बसलंय तेही माहीत नाही. आज एकच उदाहरण घेऊ, पण नीट सोलून बघू. आणि ते मराठीचंच आहे.

समजा, कळमना मार्केटमधल्या अडत्यांसाठी तुम्ही पावत्यांचं छोटं ॲप लिहिताय. पायथनमधून पीडीएफ काढली, तर 'विदर्भ'ची वेलांटी 'व'च्या डावीकडे यायची ती उजवीकडे गेली. वाचताना झालं 'वदिर्भ'. 'शेतकऱ्यांना'मधला 'ऱ्या' तर सुटा सुटा होऊन पडला. पावती हातात घेणाऱ्याला काय कळणार, राजेहो?

आता बहुतेक जण काय लिहितात? 'मराठी नॉट वर्किंग, प्लीज हेल्प, अर्जंट.' हे वाचणारा माणूस कदाचित जर्मनीत बसलाय, दिवसाची नोकरी संपवून फुकटात हे काम करतोय, आणि त्याला देवनागरी येत नाही. बरोबर 'ऱ्या' आणि तुटलेला 'ऱ्या', त्याच्यासाठी दोन्ही नक्षीच! आपला बग त्याला *दिसतच* नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. मदत मागायची म्हणजे आपली अडचण त्याच्या डोळ्यांना दिसेल अशी करायची.

आधी बिघाड कुठल्या थरात आहे ते शोधा. मजकूर म्हणजे नुसते एकामागोमाग कोड. फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार असतात. या दोघांच्या मध्ये अक्षरं जोडणारा एक कारागीर लागतो, त्याला शेपिंग म्हणतात. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ नावाचं ओपन सोर्स इंजिन करतं. ते उभं करण्यात मोठा वाटा बेहदाद इस्फहबद या इराणी-कॅनडियन इंजिनिअरचा. नावही फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. ओपनटाइपचं सरळ भाषांतर! ज्याच्या स्वतःच्या लिपीत अक्षरं जोडून लिहितात त्याला आपलं दुखणं लवकर कळणारच.

मग चाचणी सोपी आहे. तोच मजकूर, तोच फॉन्ट, फायरफॉक्समध्ये उघडा. तिथे नीट दिसला तर मजकूर आणि फॉन्ट सुटले, संशय पीडीएफ लायब्ररीवर. आता तिचं डॉक्युमेंटेशन वाचा. एफपीडीएफ२ मध्ये शेपिंगची सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. वीझीप्रिंट पँगोमार्फत हार्फबझच वापरतं. म्हणजे कित्येकदा प्रश्न विचारायच्या आधीच काम होऊन जातं.

आता जरा चिवट प्रकार. वेलांट्या जागेवर आहेत, पण 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' झालंय, 'र' डोक्यावर जाऊन रफार झालाय. 'ऱ्या' लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक, ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा र (यू+०९३०), हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). युनिकोडला दोन्ही मान्य. पण काही प्रोग्राम मजकूर 'साफ' करताना न दिसणारी चिन्हं उडवून टाकतात. मग दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या शब्दात रफार उगवतो आणि पहिल्या पद्धतीचा शब्द ठणठणीत राहतो. नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर हा फरक कोणालाच सापडणार नाही. म्हणून कोड लिहून द्यायचे.

तर रिपोर्टमध्ये काय असावं? पाच-सहा ओळींचा प्रोग्राम, त्यात एकच शब्द. शेजारी शेजारी दोन चित्रं, काय आलं आणि काय यायला हवं होतं. लायब्ररीची आवृत्ती, फॉन्टचं नाव. आणि एक ओळ अर्थाची: 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. शब्द बदलतोय हे कळलं की ही सजावटीची तक्रार नाही, हे त्याला पटतं. अख्खा प्रोजेक्ट पाठवू नका. खऱ्या शेतकऱ्याचं नाव, खातं क्रमांक असलेली पावती तर अजिबात नको, ती जगभर दिसते. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं बे, प्रोग्राम चालला पाहिजे.

मग थांबा. रोज 'एनी अपडेट?' नको. एक्सझेडचं प्रकरण आठवतं? २०२२ मध्ये काही खात्यांनी तिथल्या एकट्या मेंटेनरवर 'काम हळू चाललंय' म्हणून दबाव आणला. पुढे त्याच्या मदतीला आलेल्याने मागचं दार बसवलं, ते २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीला आलं. त्यामुळे घाई करणाऱ्या अनोळखी लोकांकडे मेंटेनर आता संशयानेच बघतात, आणि मला तरी ते बरोबर वाटतं.

उत्तर आलं, त्याने काही करून बघायला सांगितलं, तर त्याच दिवशी करून कळवा. आणि दुरुस्ती झाली की तिथेच जायचं, कुठल्या आवृत्तीत चाललं ते लिहायचं, आणि एक विनंती करायची: तुमच्या टेस्टमध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द टाका, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला. मग पुढे कोणी कोड बदलताना 'ऱ्या' मोडलाच, तर मराठी न येणाऱ्या त्या माणसाच्या स्क्रीनवरही टेस्ट लाल होते.