टँक स्वच्छ, तरी श्रिंप का मरतात?

चेरी श्रिंप पाळणाऱ्यांना छळणारा हा प्रश्न. बरेचदा कारण एकच असतं: पाणी एकदम बदललं.

ही जेमतेम 3 सेंटिमीटरची कोळंबी वाढताना कात टाकते. नवं कवच घडायला पाण्यात कॅल्शियम लागतं. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी. आणि अर्धा टँक एका झटक्यात बदललात, तर कात अवेळी सुटते, जीव जातो.

मी तर टँकला लाइव्ह सर्व्हर समजतो, बदल छोटेच करायचे. आठवड्याला साधारण 10 टक्के पाणी. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं, हळूहळू सोडायचं. तांबं असलेली औषधं अजिबात नकोत.

नवा टँक आधी महिनाभर चिमूट-चिमूट फिशफूड टाकून चालवा. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्य आले, की मगच श्रिंप सोडा.

मग ब्रीडिंग आपोआप होतं. मादी पोटाखाली 20-30 अंडी घेऊन फिरते. साधारण महिन्याभरात थेट इवले श्रिंप बाहेर येतात. फिल्टर मात्र स्पंजचाच लावा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!