मोडेम का रुसला?

घरातील दिवे गेले की आपण प्रथम शेजारच्या घराकडे पाहतो. तेथेही अंधार असेल, तर बिघाड बाहेरचा. तेथे उजेड असेल, तर बिघाड आपल्याच घरातला. ही साधी विचारपद्धती इंटरनेट बंद पडताच मात्र आपण विसरतो आणि सारा दोष मोडेम नावाच्या मुक्या पेटीवर लादून मोकळे होतो. आम्हीही प्रथम तेच केले.

त्याचे असे झाले. ताईचा महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. मुदत दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळपर्यंत. निम्मा अर्ज भरला, दाखले जोडावयाचे राहिले, तोच इंटरनेट बंद! जाड भिंतींच्या आमच्या घरात मोबाइलची रेघही एखादीच. "मोडेम गेला, नवा आणा," असा निवाडा घरात तत्काळ झाला. आमच्यापैकी एकाने तर पेटीच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून 'रीसेट' करण्याची सिद्धता केली. ताईने त्याचा हात धरला. ते बटण काही क्षण दाबून धरल्यास मोडेममध्ये भरलेली सारी मांडणी पुसली जाते. जोडणीसाठी दिलेले नाव आणि संकेतशब्दही त्यात जाऊ शकतात. म्हणजे एका बिघाडाचे दोन बिघाड! "आधी सगळा मार्ग नीट समजून घेऊ," ताई म्हणाली.

हा मार्ग असा आहे. बाहेरून आपल्या घरात केसासारखा बारीक काचेचा तंतू येतो. त्यातून तार नव्हे, प्रकाश संदेश आणतो. संपूर्ण आंतरिक परावर्तनामुळे तो तंतूच्या आतच राहतो. मोडेम त्या प्रकाशाचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतो आणि ते वायफायने अथवा केबलने संगणकाकडे धाडतो. पेटीला लागणारी वीज अडॅप्टर पुरवितो. भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून तो बहुधा १२ व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. म्हणजे साखळीचे दुवे चार : वीज, तंतू, पेटी आणि वायफाय. कोणताही एक निखळला तरी आपल्याला दिसते ते एकच, 'इंटरनेट बंद'.

कोणता दुवा निखळला, हे सांगावयास पेटीवरील दिवे असतात. 'पॉवर'चा दिवा विजेचा. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असला, की पलीकडच्या केंद्राशी जोडणी झाली असे समजावे. 'लॉस'चा तांबडा दिवा लागला, तर प्रकाश पोहोचत नाही : तंतू तुटला, उंदराने कुरतडला किंवा कपाटामागे फार वाकला. फार वाकलेल्या तंतूतून प्रकाश बाहेर निसटतो. अशा वेळी तंतूचे सुटे टोक डोळ्यांसमोर धरून पाहू नये. त्यातील लेसरचा अवरक्त प्रकाश दिसत नाही. परंतु डोळ्यास अपाय करू शकतो. सगळे दिवे ठीक असूनही काम होत नसेल, तर संगणक केबलने जोडून पाहावा. केबलने चालले, तर दोष केवळ वायफायचा.

आमच्या पेटीचे वागणे यांहून निराळे होते. दिवे एकेक करून लागत आणि मिनिटभरात सगळे एकदम विझून पुन्हा पहिल्यापासून लागत. तंतू तुटला असता, तर एकच दिवा तांबडा झाला असता. सगळेच दिवे एकदम विझतात, त्या अर्थी संशय विजेवर. प्लग दुसऱ्या जागी लावून पाहिला. फरक पडला नाही. शेजारच्या काकांकडे त्याच कंपनीचे इंटरनेट सुरळीत चालले होते. त्यांचा अडॅप्टर तपासला : व्होल्ट तेवढेच, अँपिअर कमी नाहीत, पिनही तशीच. या तिन्ही गोष्टी जुळल्यावाचून परका अडॅप्टर कधीही लावू नये. तो लावला आणि आमचा 'मेलेला' मोडेम पाच मिनिटांत कामाला लागला! रात्री दहाच्या आत ताईचा अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे आमचा अडॅप्टर नेला. मीटरवर त्याने बरोबर १२ व्होल्ट दाखविले. आम्ही चकित झालो. काकांनी हसून त्याला मोटारीतील छोटा दिवा जोडला. काटा झरकन खाली आला. आतील एक कपॅसिटर फुगला होता. सतत उष्णता सोसून त्यातील द्रव सुकत जातो, आणि मग ओझे नसताना पुरा वाटणारा दाब ओझे पडताच ढासळतो. मोडेमही प्रथम जागा होई. वायफाय सुरू होऊन विजेची मागणी वाढली की कोसळे. कपाटामागे, वारा न लागणाऱ्या जागी अडॅप्टर कोंडून ठेवणारे आम्हीच होतो.

या प्रसंगातून आम्ही दोन नियम शिकलो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही. आणि जे परत फिरविता येणार नाही, ते सर्वांत शेवटी करावे. नाडी न पाहता औषध देणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग यंत्राच्या बाबतीत ती घाई का करावी?

नवा अडॅप्टर आता कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत आहे. टाचणी ताईने आपल्या पेटीत ठेवून दिली आहे.