भाडेपावती ते इंडेक्स टू

आमच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन पिढ्यांच्या घरांचे कागद आहेत. आजोबांची १९५१ सालची भाडेपावती, वडिलांचा १९७४ चा करारनामा आणि मुलाच्या नव्या फ्लॅटचा इंडेक्स टू. गिरगाव, डोंबिवली, बदलापूर. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत बसून जे वाचले, त्याच्या आधारे हे कागद एकापुढे एक लावून पाहिले. तिन्ही घरे आम्हांला परवडली. मात्र प्रत्येक वेळी किमतीतली एक बाब कागदावर आली नाही आणि ती घरच्यांनी पुढे वेगळ्या रीतीने चुकती केली.

पहिला कागद हाताएवढा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, सामाईक संडास, माणसे सात. महिन्याचे भाडे इतके थोडे, की आज पावती पाहणाऱ्याला हेवा वाटावा. त्यामागे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे प्रमाण मानले गेले. राहत्या भाडेकरूला अभय मिळाले. पण भाड्यासाठी नवी इमारत बांधण्यात मालकाला काही उरेना, आणि जुनीची डागडुजीही परवडेना. खोली रिकामी झालीच तर पागडी मोजावी लागे. पागडीचा हा व्यवहार उघडपणे कायदेशीर झाला तो १९९९ च्या कायद्याने. म्हणजे आजोबांना खोली स्वस्त पडली, पण त्यांच्या तीन मुलांना दुसरी खोली मिळण्याची वाट बंद झाली. पावतीवर न आलेली बाब होती जागा. काकांचे लग्न झाले तेव्हा वडील गॅलरीत झोपू लागले, ते डोंबिवलीला येईपर्यंत.

दुसरा कागद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. तिथे क्रम असा होता: आधी सभासद, मग जमीन, शेवटी इमारत. १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्यानंतर उपनगरांत रूढ झालेला क्रम बरोबर उलटा होता. बिल्डर जमीन मिळवी, इमारत बांधी, फ्लॅट विकी आणि सर्वांत शेवटी रहिवाशांची सोसायटी नोंदवली जाई. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला.

या उलट्या क्रमात एक फट होती. जमीन व इमारत बिल्डरने सोसायटीच्या नावे करून द्यावी, असे कायद्यात आहे. त्यालाच कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण म्हणतात. आमच्या बिल्डरने ते केले नाही आणि आम्ही मागितलेही नाही. पगारदारांना घरासाठी कर्ज देण्याकरिता स्थापन झालेली एचडीएफसी १९७७ ची. त्याच्या तीन वर्षे आधी वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून आणि आईच्या पाटल्या मोडून दोन खोल्या घेतल्या होत्या. दाराला आपले कुलूप लागले, यातच सगळे आले. पुढे स्लॅब गळू लागला, पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि तेव्हा कळले की आमची सोसायटी जमिनीची मालकच नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, म्हणजे बिल्डर सही करत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आमचा अर्ज मंजूर होईपर्यंत वडील राहिले नाहीत. करारनाम्यावर न आलेली बाब होती जमीन.

तिसरा कागद मुलाने सही करण्याआधी माझ्यापुढे ठेवला. "बाबा, तुम्ही एकदा वाचा." मी सगळा करार वाचला. २०१६ च्या रेरा कायद्याने बरेच साधले आहे. प्रकल्पाची नोंदणी, चटई क्षेत्रावर किंमत, खरेदीदारांच्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात. वडिलांच्या कागदाशी तुलना केली तर हा कागद स्वच्छ. त्यात काढायला दोष सापडला नाही.

मग मी अंतर मोजले. सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. कल्याणपुढे बदलापूरच्या लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच दोन रुळांवर धावतात. तिसरी-चौथी मार्गिका मंजूर असली तरी आज चढायचे आहे ते आजच्या गाडीत. मुलाला दारापासून कचेरीपर्यंत दोन तास, जाऊन-येऊन चार. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर हजार तास. कर्ज वीस वर्षांचे. वीस हजार तास म्हणजे रात्रंदिवस मोजून सव्वादोन वर्षांहून अधिक. हप्त्यांच्या तक्त्यात या रकान्याला जागा नाही.

मी त्याला एवढेच म्हटले, "आठवडाभर तिकडून कामाला जाऊन बघ." तो बदलापूरच्या मित्राकडे राहिला. शनिवारी आला आणि म्हणाला, "होईल सवय. पण डोंबिवलीत एवढ्याच जागेचं कर्ज मला झेपणार नाही, आणि इथे पाच माणसं दोन खोल्यांत किती दिवस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजोबांची जागेची उधारी त्याच्यापर्यंत आली होती. घर घेतले.

वाचकांपैकी कोणी आज उपनगरात घर शोधत असेल, तर त्याने दर चौरस फुटाचा भाव जरूर विचारावा. त्याबरोबर तीन गोष्टी स्वतः लिहून काढाव्यात: उद्या माणसे वाढली तर कुठे झोपतील, जमीन कोणाच्या नावे आणि कधी होणार, आणि रोजचे किती तास जाणार. त्यानंतरही घर घ्यावेसे वाटले तर घ्यावे. आम्ही घेतलेच.

नात दोन वर्षांची आहे. मुलगा घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते. सूनबाई रोज रात्री तिचा एक फोटो त्याला पाठवते. तो कल्याण सुटल्यावर पाहतो.